गिऱ्हाईकाला दिसेल आणि कारागिराला कळेल असं चित्र: चौकटीच्या वहीवर ऑब्लिक प्रोजेक्शन



व्हिडिओमध्ये मी फळ्यावर काउंटरचं चित्र जरा घाईत काढलं. खडूने काढलेल्या तिरक्या रेषा मोबाईलच्या स्क्रीनवर नीट कळत नाहीत, हे मलाही नंतर बघताना जाणवलं. म्हणून तोच विषय इथे सावकाश घेतोय. चौकटीची वही, पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसा. नुसतं वाचलंत तर दोन दिवसांत विसराल, हातानं काढलंत तर राहील.

आधी हे शिकायची वेळ माझ्यावर का आली ते सांगतो. माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. वडापावची गाडी लावणाऱ्या एका काकांनी काउंटरची ऑर्डर दिली. मी चिठ्ठीवर लिहिलं, ४ × ३ × २ फूट. माझ्या डोक्यात होतं लांबी चार, उंची तीन, खोली दोन. चिठ्ठी वेल्डरच्या हातात दिली आणि मी माल आणायला गेलो. त्याने नेहमीच्या सवयीप्रमाणे वाचलं, लांबी, रुंदी, उंची. संध्याकाळी येऊन बघतो तर चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा दिवाण तयार. काका दुसऱ्या दिवशी आले, बघितलं आणि म्हणाले, "अहो, मी याच्यावर बसून वडे तळू का?"

चूक कोणाची? वेल्डरची अजिबात नाही. तीन आकडे लिहिले म्हणजे वस्तू सांगितली, असं मला वाटत होतं. पण आकड्यांना दिशा नसते. कुठला आकडा उभा, कुठला आडवा आणि कुठला आत जाणारा, हे चित्राशिवाय पक्कं होत नाही.

मग कुठलं चित्र काढायचं?

आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांना तीन चित्रांची पद्धत माहीत असते. वस्तू पुढून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते वेगवेगळं काढायचं. आपल्याकडे हे फर्स्ट अँगल पद्धतीने काढतात, म्हणजे वरून दिसणारं चित्र पुढच्या चित्राच्या खाली येतं. कारखान्याच्या कामाला याला तोड नाही. पण वडापाववाल्या काकांसमोर ती तीन चित्रं ठेवा. ते विनम्रपणे मान हलवतील, "ठीक आहे" म्हणतील आणि त्यांना काहीही कळलेलं नसेल. गिऱ्हाईकाच्या त्या "ठीक आहे"वर विश्वास ठेवून काम चालू करणं हा आपल्या धंद्यातला फार महाग प्रकार आहे.

दुसरी पद्धत आयसोमेट्रिक. तिच्यात वस्तूचा एक कोपरा आपल्याकडे येतो आणि दोन्ही बाजू ३० अंशात मागे जातात. दिसायला चित्र छान, पण वस्तूची एकही बाजू सरळ समोर राहत नाही. चौकोनाचा तिरका चौकोन होतो, गोलाची लंबगोलाकार आकृती होते. दारावर गोल जाळी असेल तर ती कंपासने काढता येत नाही, लंबगोल रचत बसावं लागतं. गिऱ्हाईक समोर खुर्चीवर बसलेलं असताना एवढा वेळ कोणाकडे आहे?

तिसरी पद्धत ऑब्लिक, म्हणजे तिरकस. ही तुम्हाला येते. खरंच येते. शाळेत वहीच्या मागच्या पानावर दोन चौकोन एकमेकांवर थोडे सरकवून काढायचे आणि त्यांचे कोपरे तिरक्या रेषांनी जोडून ठोकळा करायचा, हे कोणी केलं नाही? तेच ऑब्लिक प्रोजेक्शन. फक्त त्यावेळी आपण ते अंदाजाने करायचो, आता मापाने करायचं.

नियम एवढाच आहे. वस्तूची पुढची बाजू जशी आहे तशीच काढायची, खऱ्या आकारात, ठरवलेल्या स्केलला. काटकोन काटकोनच राहतो, गोल गोलच राहतो. आत जाणारं माप तेवढं तिरक्या रेषेवर दाखवायचं. या सगळ्या तिरक्या रेषा एकमेकींना समांतर असतात. रेल्वेचे रूळ दूर जाताना जवळ येतात तसं इथे होत नाही, आणि ते चांगलंच आहे, कारण समांतर रेषेवर माप घेता येतं.

(आत जाणाऱ्या मापाला मी खोली म्हणतोय. हा शब्द गिऱ्हाईकासमोर जपून वापरा. एकदा मी विचारलं, "खोली किती ठेवू?" उत्तर आलं, "खोली दहा बाय बारा आहे.")

आता वही उघडा

आपण काकांचंच काउंटर काढू, यावेळी मिलिमीटरमध्ये. लांबी १२००, उंची ९००, खोली ६००. वहीतला एक चौकोन म्हणजे १०० मिमी धरा.

पानाच्या डाव्या बाजूला, वर थोडी जागा सोडून, १२ चौकोन आडवा आणि ९ चौकोन उभा आयत काढा. ही काउंटरची पुढची बाजू झाली. वरच्या दोन चौकोनांची पट्टी पूर्ण लांबीचा खण म्हणून सोडा. खालच्या भागाच्या बरोबर मध्ये उभी रेष मारा, म्हणजे सहा-सहा चौकोनांची दोन दारं झाली. दारांना गोल मुठी काढा. हे सगळं तुम्ही सरळ समोरून बघताय असंच काढायचं. अजून काहीही तिरकं नाही.

आता आयताच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर पेन्सिल ठेवा. तिथून उजवीकडे वर, चौकोनाच्या कर्णावरून, म्हणजे एका टोकाकडून समोरच्या टोकाकडे, दोन चौकोन ओलांडा. तशीच रेष वरच्या उजव्या कोपऱ्यातून मारा, आणि तशीच खालच्या उजव्या कोपऱ्यातून. तीन तिरक्या रेषा, तिन्ही सारख्या. खालच्या डाव्या कोपऱ्यातून मारायची नाही, ती वस्तूच्या मागे लपते. शेवटी तिन्ही रेषांची मागची टोकं एका आडव्या आणि एका उभ्या रेषेने जोडा.

पानाकडे जरा लांबून बघा. काउंटर उभं राहिलं ना?

आता कोणीतरी विचारणारच, खोली ६०० म्हणजे सहा चौकोन, मग कर्णावरून दोनच का? चांगला प्रश्न आहे, आणि याच प्रश्नाने मला एकदा फटका दिलाय, त्यामुळे इथे थोडं थांबू.

पूर्ण खोली की अर्धी?

एक छोटा प्रयोग करा. सहा बाय सहाचा चौकोन काढा आणि तो घनाची पुढची बाजू समजा. तिरक्या रेषा पट्टीने मोजून पूर्ण सहा चौकोनांएवढ्या लांब घ्या. सगळी मापं अगदी खरी आहेत, तरी घन काही दिसत नाही. मागे ओढून लांब केलेली पेटी दिसते. डोळ्याला सवय असते की आत जाणारी बाजू आखूड दिसते, आणि चित्रात ती आखूड झालेली नाही, म्हणून डोळा फसतो. या पूर्ण मापाच्या पद्धतीला कॅव्हेलियर म्हणतात.

आता तिरक्या रेषा निम्म्या करा, तीन चौकोनांएवढ्या. लगेच घन दिसायला लागेल. ही कॅबिनेट पद्धत. फर्निचरची चित्रं काढायला ती वापरात आली म्हणून हे नाव. म्हणजे आपल्या कामाचीच पद्धत समजा. अर्धं आणि पूर्ण यांच्या मधलं प्रमाण, म्हणजे पाऊण वगैरे, घेतलं तरी चालतं. त्यालाही ऑब्लिकच म्हणतात. पण दुकानात एकच प्रमाण ठरवून ठेवा, नाहीतर घोळ होतो.

चौकटीच्या वहीवर अर्धं माप घ्यायची सोपी युक्ती आहे. चौकोनाचा कर्ण त्याच्या बाजूपेक्षा लांब असतो, १.४१ पट. म्हणून खोलीच्या दर तीन चौकोनांमागे कर्णावरून एक चौकोन चालायचं. १.४१ भागिले ३ म्हणजे ०.४७, जवळजवळ निम्मं. आपल्या काउंटरची खोली सहा चौकोन, म्हणून दोन कर्ण. पट्टी लावायची गरजच नाही. बरेच जण दर दोन चौकोनांमागे एक कर्ण घेतात, त्याने प्रमाण ०.७१ येतं. ते चूक नाही, पण वस्तू थोडी लांबट दिसते.

कोऱ्या कागदावर काढत असाल तर ४५ अंशाचा गुण्या लावा. एकास दहा स्केलला हेच काउंटर १२० मिमी लांब, ९० मिमी उंच येईल आणि तिरकी रेष ६०ची निम्मी म्हणजे ३० मिमी. ती रेष साधारण २१ मिमी उजवीकडे आणि २१ मिमी वर जाते. म्हणजे पूर्ण चित्र १४१ बाय १११ मिमीत बसतं. ए-फोर कागदावर मापं लिहायला आणि खाली सहीला भरपूर जागा उरते.

४५ अंशच का? सक्ती नाही. ३० अंश घेतले तर बाजूची भिंत जास्त उघडी दिसते आणि वरचा पृष्ठभाग चपटा होतो. ६० घेतले तर उलट. शेगडी, भांड्याचं कापलेलं भोक, असं काही काउंटरच्या वर दाखवायचं असेल तर ६० घ्या. डाव्या बाजूला सिलिंडरचं दार असेल तर तिरक्या रेषा डावीकडे न्या. माळ्यासारखी डोक्यावरची वस्तू असेल तर रेषा खाली न्या, म्हणजे तळ दिसेल. गिऱ्हाईकाला जे बघायचंय ते दिसलं पाहिजे.

अर्ध्या मापाने केलेला घोळ

दिवाणवाल्या प्रकरणानंतर मी डिप्लोमा झालेल्या एका मित्राकडून ही पद्धत शिकलो आणि मोठ्या ऐटीत वापरायला लागलो. असंच १२०० × ९००चं काउंटर, कॅबिनेट पद्धतीने, एकास दहा. पुढची दोन मापं लिहिली. खोलीचं माप लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मला वाटलं चित्रात दिसतंय की.

दुकानात नवीन आलेला मुलगा होता, हुशार. त्याने चित्रावर पट्टी ठेवली. लांबी १२० मिमी भरली, लिहिलं होतं १२००. उंची ९० भरली, लिहिलं होतं ९००. म्हणजे दहाने गुणायचं, हे त्याने बरोबर ओळखलं. तिरकी रेष मोजली, ३० भरली. दहाने गुणली. एक फूट खोलीचं काउंटर तयार झालं, वर पत्राही कापून बसला. मी चिडलो तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, दोन मापं मोजून बरोबर आली, मग तिसरंच चुकीचं कसं धरू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं बरोबर होतं. ते काउंटर पुढे एका झेरॉक्सवाल्याला पडेल भावात दिलं. मजुरी बुडालीच, शिवाय मूळ गिऱ्हाईकाला चार दिवस उशीर झाला, तो वेगळाच.

तेव्हापासून माझा दंडक असा आहे. तिन्ही दिशांची मापं आकड्यात लिहायची, आणि तिरक्या रेषेवर नेहमी खरं माप लिहायचं. रेष ३० मिमीची असली तरी तिच्यावर ६००च लिहायचं, ३०० नाही आणि ३०ही नाही. आकडा तिरक्या रेषेला समांतर लिहा म्हणजे तो कोणाचा आहे यात शंका राहत नाही. आणि कागदावर ठळक लिहा: "लिहिलेली मापं धरावीत, चित्रावर पट्टी लावू नये." मी तर त्याचा रबरी शिक्काच करून घेतला होता.

मापाबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण चित्र बरोबर काढूनही इथे पैसे जातात. पहिली, फूट आणि मिलिमीटर. गिऱ्हाईक चार फूट म्हणतं आणि आपण सहज १२०० लिहितो. चार फूट म्हणजे १२१९ मिमी. मोकळ्या जागेत ठेवायच्या काउंटरला १९ मिमीने काही बिघडत नाही, पण दोन भिंतींच्या मध्ये बसवायचं असेल तर एवढी फट राहील. सुतार सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीला थोडं कमी. सहा सूत प्लाय म्हणजे पाऊण इंच, १९ मिमी, आणि दुकानात हातात येतो १८चा. कागदावर एकच भाषा ठेवा. मी मिलिमीटर ठेवतो.

दुसरी गोष्ट, माप बाहेरून की आतून? १८ मिमी प्लायच्या १२०० मिमी कपाटात आत ११६४च मिळतात. गिऱ्हाईकाने आत ठेवायच्या डब्यांचं माप सांगितलं असेल आणि तुम्ही ते बाहेरचं धरलं तर डबे आत जाणार नाहीत. "बाहेरून" हा एक शब्द मापाशेजारी लिहायला दोन सेकंद लागतात.

गोल आला की काय करायचं?

ऑब्लिकची खरी मजा इथे आहे. ज्या बाजूला गोल किंवा वेडावाकडा आकार आहे, ती बाजू पुढे घ्या. मग तो आकार जसाच्या तसा काढता येतो, गोल सरळ कंपासने. सर्वसाधारणपणे वस्तूची लांब बाजू पुढे घ्यावी म्हणजे चित्र ओढल्यासारखं दिसत नाही. पण लांबी एकीकडे आणि गोल दुसरीकडे असं असेल तर गोलाला मान द्या.

पाईपचा तुकडा किंवा बुश काढायचा असेल तर गोल तोंड पुढे घ्या. एक वर्तुळ काढा. त्याच्या केंद्रातून ४५ अंशात तिरकी रेष मारा, तिच्यावर लांबीचं निम्मं माप घ्या, तिथे त्याच त्रिज्येचं दुसरं वर्तुळ काढा. आता दोन्ही वर्तुळांना बाहेरून स्पर्श करणाऱ्या दोन तिरक्या रेषा मारायच्या. त्या नेमक्या कुठे टेकतात हे अंदाजाने ठरवू नका. केंद्रातून, तिरक्या रेषेला काटकोनात, व्यास काढा. त्याची दोन टोकं म्हणजे स्पर्शाचे बिंदू. शेवटी मागच्या वर्तुळाचा लपणारा भाग पुसून टाका.

आणि गोल बाजूच्या भिंतीवरच असेल तर? समजा काउंटरच्या उजव्या भिंतीला पंख्यासाठी ३०० मिमीचं भोक हवंय. तिथे कंपास चालत नाही, कारण ती भिंत चित्रात दाबली गेली आहे. आधी ३०० × ३००चा चौकोन त्या भिंतीवर काढा, उभी बाजू तीन चौकोन आणि तिरकी बाजू एक कर्ण. तो तिरका चौकोन दिसेल. त्याच्या चारही बाजूंचे मध्य हे गोलाचे चार बिंदू. मग दोन कर्ण काढा आणि केंद्रापासून कोपऱ्याकडे सात-दशांश अंतरावर खुणा करा, हे आणखी चार. आठ बिंदू हातानेच गोलाईने जोडा. पण खरं सांगू का, गिऱ्हाईक समोर असताना मी हे करत नाही. मुख्य चित्राशेजारी ती भिंत सरळ समोरून वेगळी काढतो, गोल कंपासने काढून "३०० व्यास" लिहितो. काम चोख होतं.

चित्रातून कोटेशन

आता पैशाचं बघू. या काउंटरला आत २५ × २५च्या स्क्वेअर पाईपची फ्रेम करायची आहे. तुमच्या चित्रात कडा मोजा. पुढच्या आयताच्या चार, तिरक्या तीन, मागच्या दोन. नऊ. पण पेटीला कडा बारा असतात. तीन कुठे गेल्या? खालच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात भेटणाऱ्या तीन कडा, एक उभी, एक आडवी, एक आत जाणारी, या लपल्या आहेत. चित्रात न दिसणाऱ्या या तीनच कोटेशनमधून सुटतात.

हिशोब करून दाखवतो. उभे पाईप पूर्ण ९०० घेऊ. आडवे पाईप उभ्यांच्या मध्ये बसतात, म्हणून १२०० वजा ५०, म्हणजे ११५०. आत जाणारे ५५०. प्रत्येकी चार: ३६०० अधिक ४६०० अधिक २२००, एकूण १०,४०० मिमी. गिऱ्हाईक म्हणतं, मध्ये एक कप्पा पण द्या. त्याची चौकट दोन ११५० आणि दोन ५५०, म्हणजे ३४००. एकूण १३,८००. सहा मीटरचे पाईप घेतले तर तीन लागतील.

आता लपलेल्या तीन कडा विसरलात असं समजा. २६०० मिमी कमी भरतील, एकूण ११,२०० येईल, आणि तुम्ही खुशाल दोन पाईपचं कोटेशन द्याल. तिसरा पाईप तुमच्या खिशातून. म्हणून मी गिऱ्हाईकासाठी साधं चित्र काढतो आणि माझ्या प्रतीत लपलेल्या तीन कडा तुटक रेषेने काढून ठेवतो. गिऱ्हाईकाच्या प्रतीत तुटक रेषा नको, त्याला उगाच गोंधळायला होतं.

कटिंगही चित्र बघून तिथेच ठरवा. कप्पा नसेल तर पहिल्या पाईपमधून ११५०चे चार आणि ९००चा एक, म्हणजे ५५००. दुसऱ्यातून ९००चे तीन आणि ५५०चे चार, म्हणजे ४९००. प्रत्येक कापात कटिंगच्या चाकात दोन-तीन मिमी जातात, ते धरूनही दोन पाईपमध्ये काम होतं. म्हणजे "मध्ये एक कप्पा पण द्या" या पाच शब्दांची किंमत एक पाईप आहे. शिवाय वेल्डिंग आणि कप्प्याचा पत्रा वेगळा. हे गिऱ्हाईकाला चित्रावर बोट ठेवून सांगता येतं, आणि चित्रावर सांगितलेलं गिऱ्हाईक सहसा मान्य करतं. तोंडी सांगितलं की "एवढ्याशा कप्प्याचे एवढे?" असं ऐकावं लागतं.

चित्र पूर्ण झालं की खाली तारीख, वस्तूचं नाव, माल कोणता, ९०० उंचीत वरचा पत्रा धरलाय की नाही, आणि गिऱ्हाईकाची सही. एक फोटो काढून त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. मूळ कागद ऑर्डर बुकात. अॅडव्हान्स त्यानंतर घ्यायचा. आधी अॅडव्हान्स आणि मग चित्र, असा क्रम ठेवलात तर गिऱ्हाईक चित्राकडे नीट बघतच नाही, त्याच्या मते व्यवहार झालेला असतो.

मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर थ्री-डी काढायची सॉफ्टवेअर आहेत, मोठ्या कामाला जरूर शिका. पण रस्त्यावर गाडीशेजारी उभं राहून, वहीच्या पानावर पाच मिनिटांत काढलेलं चित्र गिऱ्हाईक आपल्या हाताने बदलू शकतं. "हा खण इकडे घ्या" म्हणत ते स्वतः पेन घेतं, आणि त्याच वेळी त्याला नक्की काय हवंय ते आपल्याला कळतं.

आता तुमचा अभ्यास

दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल काढायचं आहे. रुंदी ४५०. पहिली पायरी २५० उंच, दुसरी ५००. प्रत्येक पायरी २५० खोल, म्हणजे एकूण खोली ५००. एक चौकोन ५० मिमीचा धरा. कुठली बाजू पुढे घ्याल ते आधी ठरवा आणि मगच पुढचं वाचा.

पायऱ्यांचा आकार जिथे दिसतो ती बाजू पुढे. म्हणजे दहा बाय दहाचा चौकोन, त्यातला वरचा उजवा पाच बाय पाचचा तुकडा काढून टाकलेला. आत जाणारं माप आता ४५०, नऊ चौकोन, म्हणून तीन कर्ण. पाच कोपऱ्यांतून तिरक्या रेषा निघतील, खालच्या डाव्यातून नाही. उंच भाग डावीकडेच ठेवा. तो उजवीकडे घेऊन रेषाही उजवीकडे नेल्यात तर पायऱ्यांच्या उभ्या फळ्या लपतील आणि स्टूल आहे की ठोकळा हे कळणार नाही. चित्र झालं की तिन्ही मापं लिहा आणि घरातल्या कोणाला तरी काहीही न सांगता दाखवा. "हे काय आहे, आणि रुंद किती आहे?" एवढंच विचारा. रुंदी ४५० असं उत्तर आलं तर चित्र जमलं. उत्तर यायला वेळ लागला तर ४५०चा आकडा कुठे लिहिलाय ते आधी तपासा.